मथुराबाईंच्या गोळ्यांची बेगमी

वारज्याचे हिंदुराव दांगट दुपारी झोपले, की आपल्या शेतात उतरत. उतरत हा शब्द विचार करूनच वापरला आहे. शेत त्यांच्या पलंगाच्या बरोबर खाली होतं. मधे दोन मजले, पार्किंग आणि बिल्डरबरोबर झालेला एक करारनामा, एवढाच काय तो अडथळा. इमारतीचं नाव ‘अल्पाइन मेडोज’. मेडो म्हणजे गवताचं कुरण, असं नातीनं, ऋतुजानं, समजावून सांगितलं तेव्हा हिंदुराव म्हणाले होते, "कुरण न्हवतं. कांदा होता."

शेतातली विहीर बिल्डरनं बुजवली होती, पण हे विहिरीला कुणी कळवलेलं नसावं. बारा महिने तळघरातल्या पार्किंगमध्ये तिचं पाणी झिरपून वर येई आणि सोसायटी ते पंपानं उपसून गटारात सोडी. दुपारी सगळी इमारत निजली, की त्या पंपाची घरघर तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येई. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा आवाज जरा मोठा होता, इतकाच फरक.

त्या घरघरीवर हिंदुरावांचा डोळा लागे. मग लिफ्टचं दार उघडे ते थेट बांधावर. ऊन असे, पण डोक्याला लागणारं नव्हे. हळदीच्या पाण्यातून काढून वाळत घातल्यासारखं. कांद्याची पात गुडघ्यापर्यंत आलेली असे, जी जागेपणी आयुष्यात कधी आली नव्हती. आणि मधल्या वाफ्यात पदर खोचून मथुराबाई खुरपत बसलेल्या असत.

"आलात?" त्या मान वर न करता विचारत.

"आलो."

"लिफ्ट चालू हाय व्हय?"

"हाय."

एवढं बोलून त्या पुन्हा खुरपायला लागत. चाळीस वर्षांच्या संसारातही त्यांचं बोलणं साधारण याच बेताचं होतं, त्यामुळे हिंदुरावांना काही कमी पडल्यासारखं वाटत नसे.

मथुराबाईंना जाऊन आठ महिने झाले होते. स्वप्नात ही अडचण कुणी काढत नसे.

कधी दोघं मेथीच्या जुड्या घेऊन मंडईला जात. टेंपो आवाज न करता चाले, आणि मंडईच्या त्या उंच छपराखाली सगळे ओळखीचे लोक आपापल्या ढिगामागे शांत बसलेले असत. कुणी भाव करत नसे, यावरून हे स्वप्न आहे हे एखाद्याच्या लक्षात आलं असतं. एकदा मथुराबाई पार्किंगच्या खांबाला टेकून वालाच्या शेंगा सोलत होत्या. खांबावर पिवळ्या रंगात ‘बी-१४’ लिहिलेलं होतं आणि खांबाच्या बुडाशी गाजरगवत उगवलं होतं. हिंदुराव शेजारी बसले. बराच वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत राहिला.

चार वाजता सून उत्कर्षा चहा ठेवी. आल्याचा वास येई, आणि शेत हळूहळू वरच्या पंख्यात गुंडाळलं जाऊन दिसेनासं होई. हिंदुराव तसेच पडून राहत. उठवतच नसे. उठलं की भोवळ यायची, भिंत धरावी लागायची. दोन जिने चढले तर मधल्या चौकात उभं राहून नोटीस बोर्ड वाचावा लागे. त्यामुळे सोसायटीच्या नियमांची माहिती त्यांच्याइतकी चेअरमनलाही नव्हती. हाताची बोटं भर उकाड्यात गार. या सगळ्याला ते वय म्हणत. वय हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्यावर औषध नसल्यामुळे डॉक्टरकडे जावं लागत नाही.

औषध नव्हतं असं मात्र नाही.

सोसायटीच्या फाटकाशी एक कडुनिंब होता. शेताच्या बांधावरची तेवढी एकच गोष्ट बिल्डरनं ठेवली होती, तीही नकाशात ‘लँडस्केपिंग’ म्हणून दाखवता आली म्हणून. त्याखालच्या बाकावर सकाळी जमणारी मंडळी पूर्वी बैलांची आणि विहिरींच्या खोलीची तुलना करत. आता बैल नव्हते आणि विहिरी पार्किंगखाली गेल्या होत्या, तेव्हा ते मिलिग्रॅमची करत. "माझी पन्नासची हाय," कुणी म्हणे, आणि पंचवीसवाला जरा गप्प होई.

दत्तोबांना रक्तदाबाच्या गोळीनं खोकला लागला होता. कोरडा, ठसका लागल्यासारखा, सुट्टी न घेणारा. चार महिने त्यांनी आलं चाटलं, ज्येष्ठमध चघळला, वाफ घेतली. घरच्यांनी छातीचा फोटो काढून आणला. तो काढणाऱ्यानं अभिनंदन केलं. शेवटी डॉक्टरनं गोळीचा गट बदलला आणि खोकला दोन आठवड्यांत आला तसा गेला. तेव्हापासून दत्तोबांना जरा एकटं वाटू लागलं. ते बाकावर येत असल्याची वर्दी आता आगाऊ मिळत नव्हती. बद्रीनाथ मारवाड्यांना मधुमेहाच्या गोळीनं तोंडात सदा पत्र्याची चव येई आणि सकाळी वेळेवर घरी पळावं लागे. गोळी जेवणाबरोबर घ्या, हळूहळू पोट सवय करून घेतं, असं त्यांना सांगितलं होतं. पोटाला सवय झाली. पळण्याची मात्र त्यांनी चालू ठेवली, कारण सुनेला ती वेळ सोयीची पडत होती.

या बाकावर हिंदुरावांना सांगण्यासारखं काही नसे. त्यांची रक्तदाबाची निळ्या पट्टीची एक गोळी, सकाळी चहानंतर. "मला कायबी त्रास न्हाई," ते म्हणत. दुपारच्या गुलाबी पट्टीच्या गोळीबद्दल ते बोलत नसत. ती त्यांची नव्हती.

ती मथुराबाईंची होती.

मथुराबाई वर्षाची बेगमी करणाऱ्या घरातल्या. उन्हाळा सरता सरता ज्वारी, गहू, तूरडाळ, चिंच, मिरची, सगळं वर्षाचं भरून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायचं. शेत गेलं, फ्लॅट आला, पिठाच्या पाकिटावर तारीख छापून येऊ लागली, तरी महिन्याचं सामान आणणं त्यांना भिकेसारखं वाटे. त्यांच्या काळजाची धडधड वाढली आणि डॉक्टरनं रोज दुपारी जेवणानंतर एक गोळी कायमची सांगितली, तेव्हा त्यांनी कायमची हा शब्द आपल्या परीनं घेतला. महिन्याची चिठ्ठी घेऊन त्या कर्वेनगरला एका दुकानात जात, मग तीच चिठ्ठी घेऊन दुसऱ्यात, आणि कधी मंडईकडे गेल्या तर तिसऱ्यात. घरी आल्यावर पट्ट्या स्टीलच्या उभ्या डब्यात रचायच्या, वर कडुनिंबाचा वाळका पाला. कीड लागू नये म्हणून.

"गोळीला काय कीड लागती?" हिंदुरावांनी एकदा विचारलं होतं.

"पाला घातल्यावर कशी लागंल?" मथुराबाई म्हणाल्या होत्या, आणि आजवर त्यांच्या एकाही गोळीला कीड लागलेली नव्हती, हे मान्य करावं लागेल.

मार्गशीर्षात त्या गेल्या. डबा निम्म्याहून अधिक भरलेला होता. दिवसवार झाल्यावर उत्कर्षानं सासूबाईंची लुगडी पाहुण्यांत वाटली, चष्मा एका संस्थेला दिला, आणि डबा हातात घेऊन विचारलं, "आबा, हे टाकून देऊ?"

भरलेली कणगी कुणी उकिरड्यावर नेत नाही. "ठिव," हिंदुराव म्हणाले.

महिनाभर तो डबा नुसता होता. मग एका दुपारी जेवण झाल्यावर, मथुराबाईंच्या गोळीच्या वेळेला, त्यांनी सहज झाकण उघडलं. वरच पाल्यात एक अर्धवट पट्टी होती. चार घरं फोडलेली, सहा भरलेली. मथुराबाईंच्या बोटानं फोडलेल्या त्या चांदीच्या कागदाकडे पाहताना हिंदुरावांना एवढंच वाटलं, की हिचा डोस चुकतोय. डोस चुकवायचा नाही, असं डॉक्टरनं तिला किती वेळा बजावलं होतं. त्यांनी पाचवी गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

चौथ्या दिवशी दुपारी लिफ्ट बांधावर उघडली.

त्यानंतर एकही दुपार त्यांनी चुकवली नाही. डबा सात महिने पुरला. श्रावणात एके दिवशी त्यांचा हात पाल्यातून थेट डब्याच्या बुडाला लागला, आणि बुडाचं स्टील त्यांच्या बोटांपेक्षा गार नव्हतं. शेवटच्या पट्टीत तीन गोळ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टोपी घातली, मथुराबाईंची जुनी चिठ्ठी घेतली आणि रिक्षानं कर्वेनगर गाठलं.

प्रेमला ओव्हाळ यांचं मेडिकल तिथल्या एका कोपऱ्यावर बावीस वर्षं होतं. काउंटरमागे बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांच्या नावाचं फार्मासिस्टचं नोंदणीपत्र, आणि त्याखाली त्यांच्याच सुवाच्य अक्षरातली पाटी: ‘शेजाऱ्यांना लागू पडलेलं औषध येथे मिळत नाही.’ गिऱ्हाईक आधी पाटी वाचे, मग चिठ्ठी काढे.

"या काका," प्रेमलाताई म्हणाल्या. "काकू आठ महिने फिरकल्या नाहीत. मला वाटलं, दुकान बदललं."

"न्हाई. दुकान न्हाई बदललं."

त्यांनी चिठ्ठी उलगडून पाहिली. घडीवर ती विरत आली होती. "ही दोन वर्षांपूर्वीची आहे. हृदयाचं औषध आहे हे, मी असंच देत बसत नाही. त्यांना एकदा डॉक्टरकडे घेऊन जा आणि नवी चिठ्ठी आणा."

"तिला आनता यायचं न्हाई."

"झोपून असतात?"

"न्हाई," हिंदुराव म्हणाले. "झोपून मी असतो."

प्रेमलाताईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. म्हातारा काउंटरच्या काचेला दोन्ही हातांनी धरून उभा होता, आणि त्याची नखं जांभळट दिसत होती. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, त्यांना बसवलं आणि रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा दंडाला बांधला. यंत्र गुरगुरलं, थांबलं. त्यांनी आकडा वाचला, मग त्यावर विश्वास न ठेवता मनगट हातात घेऊन घड्याळाकडे पाहत मिनिटभर उभ्या राहिल्या.

"चव्वेचाळीस."

"चांगलं हाय का?"

"पळणाऱ्या पोराचं असतं तर चांगलं. तुम्ही रिक्षातून आलात. कोणती गोळी घेता?"

हिंदुरावांनी खिशातून निळी पट्टी काढली. तिच्याबरोबर गुलाबीही बाहेर आली. प्रेमलाताईंनी दोन्ही काउंटरवर शेजारी शेजारी पालथ्या ठेवल्या आणि मोठ्या नावाखालच्या मुंगीएवढ्या नागरी अक्षरांवर बोट ठेवलं.

"वाचा."

"मे-टो-प्रो-लॉल."

"आता ही."

"मेटो..." हिंदुराव थांबले. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. "ही बी तीच व्हय?"

"कंपनी वेगळी, पट्टी वेगळी, नाव वेगळं. आतलं औषध एकच. निळी तुमची. मग गुलाबी कोण घेतं?"

बाहेर सिग्नल सुटला आणि सगळी वाहनं एकदम ओरडली. ती गेल्यावर हिंदुराव म्हणाले, "ती मार्गशीर्षात वारली. गोळ्या ऱ्हायल्या व्हत्या."

प्रेमलाताईंनी दोन्ही पट्ट्या सरळ केल्या.

"ऐका काका," त्या मग म्हणाल्या. "माणूस घाबरला, धावला, चिडला, की अंगात एक रसायन सुटतं. ते हृदयाला सांगतं, पळ. ही गोळी तो निरोप हृदयापर्यंत पोचू देत नाही. मग ठोके संथ पडतात, रक्ताचा जोर कमी होतो."

"म्हंजे बैलाला पराणी टोचू देत न्हाई."

"तसंच समजा. आणि तुम्ही पराणी धरून ठेवायला दोन-दोन माणसं उभी केलीत. बैल आता बसायच्या बेतात आहे. भोवळ, धाप, गार हात, सगळं त्याचंच."

हिंदुराव काउंटरच्या काचेतल्या खोकल्याच्या बाटल्या बघत होते. "सपनं पडत्यात का यानं?" त्यांनी बाटल्यांना विचारलं.

"पडतात. ही गोळी मेंदूतही शिरते. काहींना फार स्पष्ट स्वप्नं पडतात, खऱ्यासारखी." प्रेमलाताईंनी ड्रॉवरमधून औषधाचं पत्रक काढलं, त्याच्या असंख्य घड्या उलगडल्या आणि वाचून दाखवलं. "थकवा. चक्कर. हातपाय गार पडणे. नाडी मंद होणे. झोपेत स्पष्ट स्वप्ने."

"त्यात मानसं दिसत्यात, आसं लिवलंय?"

"माणसं वेगळी लिहीत नाहीत."

"म्हंजे मथुरा साईड इफेक्ट हाय?"

बावीस वर्षांत प्रेमलाताईंनी पुरळ, खाज, बद्धकोष्ठ आणि काळी शी यांबद्दल न अडखळता उत्तरं दिली होती. या प्रश्नाला मात्र त्यांना वेळ लागला. "कागदावर तसंच आहे, काका," त्या हळूच म्हणाल्या. मग आवाज नेहमीचा करून पुढे म्हणाल्या, "आज डॉक्टरकडे जायचं. आणि स्वतःच्या मनानं एकदम बंदही करायची नाही. निरोप इतके दिवस अडवून ठेवलाय. एकदम सोडला तर हृदय उधळतं. डॉक्टर सांगतील तसं, हळूहळू. घरच्यांचा नंबर द्या."

"आठवत न्हाई."

"नातीचा?"

"तिचा तर रोज बदलतो."

हे खोटं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. प्रेमलाताईंनी पत्रक पुन्हा घड्या घालून त्यांच्या हातात दिलं. हिंदुरावांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात, कार्ड-पाकीट असतं तिथे, जपून ठेवलं. "जातो डॉक्टरकडं," ते म्हणाले.

गेले ते मोठ्या रस्त्यावरच्या दुसऱ्या एका दुकानात. तिथे कुणी काही वाचायला लावलं नाही, नाडी बघितली नाही, काकूंची चौकशीही केली नाही. चिठ्ठीकडे एक नजर, दोन गुलाबी पट्ट्या, आणि "पिशवी पाहिजे का?" एवढ्या अगत्यात काम झालं. परतताना रिक्षात बसून हिंदुरावांनी मनाशी विचार केला. नाडी चव्वेचाळीस होती. पण बाहत्तर नाडी घेऊन करायचं काय? दुपारी पंख्याकडे बघायचं? प्रेमलाताई शहाणी होती, खरी होती. पण तिला काय, तिला कुणी बांधावर ‘आलात?’ म्हणून विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं, गुलाबी गोळी झाली, पंप सुरू झाला.

लिफ्टचं दार उघडलं, पण ऊन पातळ होतं. कांद्याची पात आडवी पडलेली. मधल्या वाफ्यात कुणी नव्हतं. हिंदुराव बांधाबांधानं विहिरीपर्यंत गेले. विहीर काठोकाठ भरलेली, आणि तिच्या पाण्याखाली रांगेत लावलेल्या गाड्या दिसत होत्या, त्यांचे दिवे शांत चालू. काठावर मथुराबाई बसल्या होत्या. मांडीवर स्टीलचा डबा. त्यांचा एक हात डब्यात होता आणि दुसरा छातीवर, शेवटच्या महिन्यात असायचा तसा. इतक्या दुपारांत त्या एकदाही अशा दिसल्या नव्हत्या.

"अवो," त्या म्हणाल्या. धाप लागून त्यांना शब्द तोडून बोलावं लागत होतं. "माझी दुपारची गोळी कुठाय?"

"आसंल की डब्यात."

मथुराबाईंनी डबा तिरका करून दाखवला. आत नुसता पाला होता. त्यांनी तो बोटांनी चाळला, पुन्हा चाळला, दाण्यात खडा शोधावा तसा. "मी तर भरून ठिवला व्हता," त्या म्हणाल्या. "वर्साचा."

हिंदुरावांनी खिसे चाचपले. सदऱ्याच्या खिशात हात घातला तर पत्रक निघालं. ते उलगडत राहिले. एक घडी, दुसरी, तिसरी. कागद संपेना, गुडघ्यांवरून खाली लोळत पाण्यात गेला, आणि त्यात कुठेही गोळी नव्हती. मथुराबाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, वाट बघितल्यासारखं.

ते जागे झाले तेव्हा धाप त्यांनाच लागली होती. ती कुणाची कुणाला लागली, हे ठरवण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते. मान वळवली तर खोली बोटभर मागून वळली. उठायचा प्रयत्न केला आणि पलंगाच्या कडेला घसरून फरशीवर बसले.

आवाज ऐकून ऋतुजा आतून धावत आली. "आजोबा! काय होतंय?"

"तिच्या गोळ्या," हिंदुराव म्हणाले. "तिच्या सगळ्या गोळ्या मी खाल्ल्या."

पुढचं समजायला तिला थोडा वेळ लागला. डबा, पट्ट्या आणि पत्रक पलंगावर मांडून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही आजीच्या मेड्स घेत होता? सात महिने? आर यू सिरियस?"

"उरल्या व्हत्या."

"उरल्या म्हणून? भाजी आहे का ती?"

"भाजी न्हाई. बेगमी हाय."

"बाबांना काय सांगू मी आता? की आजोबा ओव्हरडोस करत होते, बिकॉज फेकवत नव्हतं?" मग ती फरशीवरच त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांची गार बोटं आपल्या दोन्ही हातांत धरून राहिली. "उठा. हळू. गाडी काढते."

डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तो दोनदा बघितला आणि हृदयाला वीज नेणाऱ्या तारा अजून तुटलेल्या नाहीत, असं सांगितलं. नंतर ते हिंदुरावांना जे बोलले ते ऋतुजाच्या आणि भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राच्या देखत बोलले, म्हणून इथे देत नाही. सारांश असा, की एक दिवस निगराणीत राहायचं, मग गुलाबी गोळी आठवडाभर अर्धी, पुढचा आठवडा एकाआड एक दिवस अर्धी, मग बंद. नंतर निळीही हळूहळू कमी करत दुसऱ्या गटाची गोळी. रोज दोनदा नाडी मोजायची. ते काम ऋतुजानं मोबाइलवर वही करून आपल्याकडे घेतलं.

दवाखान्यातून घरी जाताना दुकानाशी थांबले, तेव्हा गोळी अर्धी करायला प्रेमलाताईंनी प्लॅस्टिकची कातरपेटी देऊ केली होती. "हिच्यावर मधोमध रेघ आहे, म्हणून कापता येते," त्या म्हणाल्या होत्या. "तुमची निळी मात्र अख्खीच. ती पोटात दिवसभर हळूहळू सुटायला केलेली आहे." हिंदुरावांनी पेटी नको म्हटलं. घरी मथुराबाईंचा अडकित्ता होता. सुपारीचं खांड कसं बरोबर दोन भागांत पडतं, ते त्यांनी आयुष्यभर शेजारी बसून पाहिलं होतं. रेघेवर पातं ठेवून हलकेच दाबलं, की टक् असा बारीक आवाज येई आणि दोन चंद्रकोरी ताटलीत पडत.

अर्ध्या गोळीच्या दुपारी शेत लांब गेलं. लिफ्ट बांधावर उघडे, पण मथुराबाई पलीकडच्या वाफ्यात पाठमोऱ्या असत. त्यांना धाप नव्हती. हात संथ चालायचे. हिंदुरावांनी हाक मारली तर ती मधल्या उन्हात विरघळून जाई. ते बांधावर बसून राहत. इतक्या दुरूनही खुरप्याचा आवाज येत होता आणि तो पुरेसा होता.

एकाआडच्या आठवड्यात, ज्या दिवशी गोळी नसे त्या दिवशी फक्त शेत दिसे. मग फक्त पाणी.

शेवटच्या चंद्रकोरीच्या दुपारी मथुराबाई विहिरीकडे चालल्या होत्या. खांद्यावर खुरपं, काखेत रिकामा डबा. हिंदुराव लिफ्टमध्येच उभे होते. दार उघडं धरायला त्यांनी पाऊल मधे घातलं होतं. त्या वळल्या नाहीत. चालता चालता म्हणाल्या, "जेवून घेत जावा. आन् गोळी घ्या."

"कुठली?" हिंदुरावांनी विचारलं.

"तुमची," त्या म्हणाल्या, आणि पात त्यांच्या मागे मिटली.

त्यानंतरच्या दुपारी पंप वाजत राहिला आणि पंखा फिरत राहिला. हिंदुराव झोपत आणि उठत. मधे काही नसे. उठताना भिंत लागत नव्हती. बोटं उबदार होती. नाडी चौसष्ट. ऋतुजानं तो आकडा मोठा करून त्यांना दाखवला. ते म्हणाले, "चांगलं हाय," आणि दोन जिने न थांबता चढले. मधला नोटीस बोर्ड तेव्हापासून त्यांनी वाचलेला नाही.

बाकावर त्यांनी एकदाच विषय काढला. "माझा साईड इफेक्ट गेला," ते म्हणाले.

"तुला तर त्रासच न्हवता म्हनायचास," दत्तोबा म्हणाले.

"त्रास न्हवताच."

दत्तोबांना आपला खोकला आठवला असावा. त्यांनी मान हलवली.

नव्या गोळीची चिठ्ठी घेऊन हिंदुराव कर्वेनगरला गेले. दुसऱ्या दुकानातल्या पट्ट्यांत उरलेल्या गोळ्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या. प्रेमलाताईंनी त्या मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यात टाकल्या आणि ‘कुठून आणल्या’ असं विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. नवं पाकीट काढून त्यांनी समोर ठेवलं.

"वाचा की," हिंदुराव म्हणाले.

त्यांनी पत्रक उलगडलं. "पायांवर सूज येऊ शकते. तोंड लाल होऊ शकतं. डोकं दुखू शकतं."

"सपनं?"

प्रेमलाताईंनी बोटानं ओळी चाळल्या. एक बाजू झाली, दुसरी उलटली. सगळ्या बारीक अक्षरांतून त्यांचं बोट एकदा वरून खाली गेलं, आणि मग, विनाकारण, पुन्हा एकदा.

"फारशी नाहीत, काका."

"आसू द्या." त्यांनी पाकीट घेतलं. "वर्साच्या देता का?"

"महिन्याच्याच देते. माहीत आहे तुम्हाला."

"तिलाबी तुम्ही महिन्याच्याच द्यायचात."

"हो. आणि त्या ‘बरं’ म्हणून समोरच्या दुकानात जायच्या. मी बघत असे."

हिंदुराव हसले. आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदा; त्यांच्याही ते नंतर लक्षात आलं. परत आल्यावर त्यांनी फाटकाशी रिक्षा सोडली, बाकावर चढून कडुनिंबाची एक डहाळी मोडली, आणि झाडं तोडण्यास मनाई असल्याचं वॉचमननं सांगेपर्यंत खाली उतरले. पाला दोन दिवस गच्चीत वाळवला. डब्यातला जुना पाला काढून टाकताना मात्र त्यातली एक काडी त्यांनी बुडाशी राहू दिली. वर नवा पाला घातला, त्यावर महिन्याच्या तीन पट्ट्या ठेवल्या. एवढ्या मोठ्या डब्यात त्या अगदीच थोड्या दिसत होत्या.

त्यांनी झाकण लावलं आणि जेवायला बसले.